कोयत्यामागे चालत गेलेलं धान्य

समजा, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून एक कोयता निघाला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीच्या धंद्यात माणसं अशीच मोजतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झालेली असते. दिवाळी सरली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी आणि धाकटं पोर चढतं, आणि टोळी बेळगावकडच्या एखाद्या कारखान्याच्या वाटेला लागते. घरी म्हातारी आणि शाळेत जाणारी दोन मुलं राहतात. पुढचे चार-पाच महिने हे कुटुंब दोन राज्यांत राहणार. रेशनकार्ड मात्र एकच.

या कार्डावर सहा नावं आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे या घराला ३० किलो. (अंत्योदयचं कार्ड असेल तर माणसं कितीही असोत, घराला ३५ किलो.) पूर्वी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट मिळतात. बाजारात तीस रुपये किलोचा भाव धरला, तरी महिन्याला ९०० रुपये वाचले. लाइटचं बिल, गॅसची टाकी, पोरांच्या वह्या यांतलं निदान एक काहीतरी त्यातून सुटतं. गरिबाच्या घरात धान्याची मदत ही बिलांचीही मदत असते, ती अशी.

आता हे ३० किलो कुठून येतात ते पाहा. गहू मुख्यतः पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशातून. तांदूळ छत्तीसगडचा असेल, नाहीतर आपल्याच भंडारा-गोंदियाच्या धानाचा. मालगाडीच्या एका रेकमध्ये साधारण ४२ वाघिणी असतात आणि त्यांत अडीच हजार टनांहून जास्त धान्य मावतं. पन्नास किलोची पोती धरली तर पन्नास हजार पोती! एवढ्या धान्यात पाच लाख माणसांचा महिन्याचा वाटा निघतो. मनमाडला भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा आकडा डोळ्यांपुढे आणणं अवघड जाणार नाही. देशभरात सुमारे ८० कोटी लोकांना हा शिधा मिळतो. दरमहा ४० लाख टन धान्य हलतं. त्यातलं प्रत्येक पोतं कुणा माथाड्याच्या पाठीवरून चढतं आणि उतरतं. एवढ्या अजस्र यंत्रणेने अखेर म्हातारीच्या पिशवीत मोजून पाच-पाच किलो टाकायचे, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

१९४३ साली, युद्धाच्या काळात, मुंबईत रेशनिंग सुरू झालं. खेड्यापाड्यांत आजही लोक रेशनच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात. भावनियंत्रणाच्या जमान्यातला तो शब्द जिभेवर टिकून राहिला. आणखी एक गोष्टही टिकली: कार्ड ज्या दुकानाचं, धान्य त्याच दुकानात. गाव सोडलं की वाटा गेला. ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरचे मजूर, मुंबईतले बिगारी यांच्या नावाचं धान्य गावात राहायचं आणि ते परमुलखात बाजारभावाने पीठ विकत घ्यायचे. ज्यांना सगळ्यांत जास्त गरज, त्यांनाच जास्त दाम मोजावा लागत होता.

ही गाठ सुटायला ऑगस्ट २०१९ उजाडला. महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या दोन जोड्यांपासून ‘एक देश, एक रेशनकार्ड’ सुरू झालं. कोरोनाच्या टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावाकडे निघालेले देशाने पाहिले आणि कामाला वेग आला. जून २०२२ मध्ये आसाम सामील झालं आणि सगळा देश त्यात आला.

मग बेळगावकडच्या एखाद्या रेशन दुकानात काय घडतं? आपल्या जोडीतली बाई कार्डाचा नंबर सांगते आणि पॉस मशीनवर अंगठा ठेवते. ठशाची खूण कुलूपबंद संदेशातून आधारच्या केंद्राकडे जाते. तिथून उत्तर येतं ते एवढंच: माणूस तोच आहे, किंवा नाही. मग तिच्या कार्डाची नोंद उघडते: नावं किती, हक्क किती, या महिन्यात उचल किती झाली. ती आपल्या तिघांचे १५ किलो घेते, तेवढे खात्यातून वजा होतात. त्याच महिन्यात केजमध्ये म्हातारी अंगठा लावते आणि उरलेले १५ किलो घरी आणते. कार्ड फाडावं लागत नाही, नाव कमी करावं लागत नाही, तहसीलचा दाखला लागत नाही. आपल्याकडे अंगठा म्हटला की सावकाराच्या कागदावरचा निळा ठसा आठवतो, ज्यात जमीन जायची. तोच अंगठा आज परराज्यात धान्य काढून देतो.

पण हाच अंगठा दगाही देतो. वर्षानुवर्षं कोयता धरून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. म्हातारपणी तर त्या पुसटच होतात. कधी रेंज नसते. अशा वेळी बुबुळाची तपासणी किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी असे दुसरे मार्ग आहेत, आणि केवळ ठसा जुळत नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या स्पष्ट सूचना आहेत. तरीही ‘अंगठा येत नाही, उद्या या’ हे वाक्य ऐकून परत फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची एक दिवसाची मजुरी किंवा एक दिवसाचं बळ जातं. ते मला क्षुल्लक वाटत नाही.

दुसरं दुखणं याहून मोठं आहे. महाराष्ट्रासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालच्या लाभार्थ्यांची कमाल संख्या, म्हणजे इष्टांक, सुमारे ७ कोटी. तो ठरला २०११ च्या जनगणनेवरून. त्यानंतर जन्मलेली, लग्न होऊन आलेली, नव्याने गरिबीत ढकललेली माणसं त्याच मापात बसवायची. जागा रिकामी झाली तरच नवं नाव चढतं. हा आकडा नव्याने मोजलाच पाहिजे.

आता रेशनच्या तांदळाबद्दल थोडं. त्यात अधूनमधून वेगळे, पिवळसर दाणे दिसतात आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका ते वेचून टाकतात. तो तांदूळच असतो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, यंत्रातून दाबून, पुन्हा दाण्याचा आकार दिलेला असतो. अशा पोषणयुक्त केलेल्या तांदळात शंभर दाण्यांमागे असा एक मिसळलेला असतो. वेचून टाकलेला प्रत्येक दाणा म्हणजे फेकून दिलेलं औषध.

तुमच्या इमारतीच्या कामावरचे मजूर, घरी कामाला येणाऱ्या ताई, सोसायटीचे वॉचमन काका यांचं कार्ड बहुधा दूर कुठल्या गावचं असेल. ते इथेही चालतं, हे त्यांतल्या अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. आज त्यांना विचारा. कार्डाला आधार जोडलेलं असायला हवं. ई-केवायसी राहिली असेल तर तीही जवळच्या कोणत्याही रेशन दुकानात होते. अडलं तर १४४४५ हा मदतीचा क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये तुम्हीच साठवून द्या.