रिकामा कप कोणता?

खोटं-खोटं खेळताना मुलाच्या डोक्यात काय चाललेलं असतं? मानसशास्त्रज्ञ अॅलन लेस्ली यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. खेळण्यातल्या रिकाम्या किटलीतून दोन कपांत ‘चहा’ ओतायचा. मग एक कप उचलून उपडा करायचा, झटकायचा, परत जागेवर ठेवायचा. आता विचारायचं, रिकामा कप कोणता? दोन्ही कप कोरडे ठणठणीत! तरी दोन-तीन वर्षांची पोरं उपड्या केलेल्या कपाकडेच बोट दाखवतात. खरं काय ते त्यांना ठाऊक असतं, आणि मानलेल्या चहाचा हिशेबही ती चोख ठेवतात. केळ्याचा फोन करून आजीशी बोललेलं पोर नंतर तेच केळं सोलून खातं, ते उगाच नाही.

मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. वस्तूपासून अर्थ सुटा करायला मूल अशा खेळात शिकतं. गंमत म्हणजे पोस्टकार्डाचा घोडा होत नाही म्हणे. स्वार होता यायला हवं ना!

घरी भातुकली मांडलेली असेल तर कपांचा प्रयोग करून बघा. फक्त ‘अगं, यात चहा कुठंय?’ असं मध्येच विचारू नका.