जिंकले, तरी घरीच!

मुलांनो, अंतिम सामना जिंकला, करंडक मिळाला. पण पुढे गेला हरलेला संघ! असं कधी ऐकलंय?

अमेरिकेतलं मेरिमॅक हे छोटं कॉलेज २०१९ साली खेळांच्या दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेलं. मोठ्या कॉलेजांशी गाठ, वाढता खर्च. शिवाय तेव्हाचा नियम असा, की नव्याने चार वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं नाही. आणि तिथलं कॉलेजशिक्षणही चारच वर्षांचं! म्हणजे पहिल्या खेळाडूंनी वाट करायची, चालणार पुढचे.

मार्च २०२३ मध्ये त्यांच्या बास्केटबॉल संघाने फेअरले डिकिन्सनला ६७-६६ असं हरवून गटाचं विजेतेपद मिळवलं. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र फेअरले डिकिन्सन गेलं आणि त्याने बलाढ्य पर्ड्यूलाही गारद केलं!

हा नियम बरोबर होता का? आईबाबांशी बोलून बघा.