सायकलवरून बीजिंग

समजा तुमच्या वडिलांची बदली उद्या चीनच्या राजधानीत, बीजिंगमध्ये झाली आणि तुम्ही तेथे राहायला गेलात. शहराची वस्ती दोन कोटींहून अधिक. भाषा येत नाही. दुकानावरच्या पाटीचे एक अक्षरही वाचता येत नाही. मग अशा शहराशी ओळख करून घ्यायची कशी?

माझा मावसभाऊ २०१७ साली नोकरीसाठी तेथे गेला, तेव्हा त्याच्यापुढे हाच प्रश्न होता. पहिले तीन महिने तो भुयारी रेल्वेने कामावर जाई आणि भुयारी रेल्वेनेच घरी येई. मधले शहर त्याला दिसतच नसे. "मला चार स्टेशने माहीत आहेत, बीजिंग माहीत नाही," असे तो फोनवर म्हणे. सुटीच्या दिवशी खोलीत एकटाच बसून राही. त्याचा आवाज इतका उतरलेला असे, की माझी खाला त्याला परत बोलावण्याच्या गोष्टी करू लागली. चौथ्या महिन्यात त्याने एक जुनी सायकल विकत घेतली. तेव्हापासून त्याच्या फोनचा सूर बदलला.

बीजिंग सायकलीसाठी जणू मुद्दाम वसवलेले शहर आहे. पश्चिमेकडे डोंगर आहेत, पण शहर मात्र सपाट आहे. जुन्या शहरातले बहुतेक मोठे रस्ते सरळ उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम जातात. म्हणून तेथील लोक वाट सांगताना 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' असे म्हणण्याऐवजी 'उत्तरेला जा, मग पूर्वेला वळा' असे सांगतात. दिशा कळली नाही, तर सांगितलेली वाटही कळत नाही. माझ्या भावाने सर्वांत आधी चार शब्द शिकून घेतले : दोंग म्हणजे पूर्व, शी म्हणजे पश्चिम, नान म्हणजे दक्षिण आणि बेइ म्हणजे उत्तर. 'बीजिंग' या नावाचा अर्थच 'उत्तरेची राजधानी' असा आहे.

पाचवा शब्द 'मेन', म्हणजे दरवाजा. हे अक्षर दिसतेही दाराच्या चौकटीसारखे, त्यामुळे ते लवकर लक्षात राहते. जुन्या बीजिंगभोवती मोठा तट होता आणि त्याला अनेक दरवाजे होते. विसाव्या शतकात, विशेषतः १९५० नंतर, तो तट जवळजवळ सगळा पाडण्यात आला. त्याच्या जागेवरून आता भुयारी रेल्वे आणि शहराला वेढा घालणारा एक मोठा रस्ता जातो. या रस्त्याला 'दुसरा वर्तुळमार्ग' म्हणतात. दरवाजे गेले, पण त्यांची नावे रस्त्यांना आणि स्टेशनांना चिकटून राहिली. नावाच्या शेवटी 'नेइ' असेल, तर तो रस्ता त्या दरवाजाच्या आत होता. 'वाइ' असेल, तर बाहेर. म्हणजे पाटी वाचता आली, की नसलेला तटही दिसू लागतो. तुम्ही उर्दूबरोबर मराठी पाट्या वाचायला शिकलात, तेव्हा तुम्हालाही आपल्याच गावात असे काही नवे दिसले असेल. आणखी एक गंमत ऐका. बीजिंगच्या जुन्या दुकानांवरच्या आडव्या पाट्या पुष्कळदा उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे वाचाव्या लागतात.

दुसरा वर्तुळमार्ग सुमारे ३३ किलोमीटर लांब आहे. मधल्या वेगवान रस्त्यावर सायकलींना बंदी आहे, पण कडेच्या रस्त्याने जाता येते. सकाळी निघालात, तर दुपारपर्यंत पूर्ण फेरी होते. उत्तरेला तशंगमेनचा बुरूज अजून उभा आहे. आग्नेय कोपऱ्यात दोंगब्येनमेनजवळ जुन्या तटाचा एक तुकडा शिल्लक आहे.

पण खरे बीजिंग या वर्तुळाच्या आत, गल्ल्यांमध्ये आहे. या गल्ल्यांना 'हुतोंग' म्हणतात. त्यांतल्या काहींची आखणी तेराव्या शतकातील, कुबलाई खानाच्या काळातील आहे. हुतोंग बहुतेक पूर्व-पश्चिम असतात, याला कारण आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरे वारे येतात. म्हणून चौकाच्या घरातील मुख्य खोली उत्तरेच्या बाजूला बांधून तिचे तोंड दक्षिणेला, उन्हाकडे ठेवतात. घरांच्या अशा रांगा लागल्या, की मधली गल्ली आपोआप पूर्व-पश्चिम होते. मोटार येथे अडकते आणि पायी चालणारा थकून जातो. सायकल मात्र कोठेही शिरते. 'कोठेही' म्हटले खरे, पण छ्येनमेनजवळच्या छ्येनशी हुतोंगमध्ये तीही अडते. सर्वांत अरुंद जागी ती गल्ली अर्धा मीटरसुद्धा रुंद नाही! गेल्या काही दशकांत रस्ते रुंद करण्यासाठी आणि उंच इमारतींसाठी पुष्कळ हुतोंग पाडले गेले. जे उरले आहेत, त्यांत आजही म्हातारी माणसे दाराशी बसून बुद्धिबळ खेळतात. परका मनुष्य सायकलवरून उतरला, की ती मान वर करून पाहतात. मोटारीतल्या माणसाकडे कोण पाहतो?

बीजिंगमध्ये राहून सायकलवर फिरणारा सर्वांत प्रसिद्ध परदेशी माणूस म्हणजे जॉर्ज बुश. १९७४ आणि १९७५ मध्ये ते अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून तेथे होते. ते आणि त्यांच्या पत्नी बार्बरा सायकलवरून शहरात हिंडत. १९८९ साली बुश अध्यक्ष होऊन पुन्हा आले, तेव्हा चीनच्या पंतप्रधानांनी त्या दोघांना 'उडते कबूतर' या प्रसिद्ध बनावटीच्या दोन सायकली भेट दिल्या. त्या काळी शहरातील निम्म्याहून अधिक फेऱ्या सायकलवरूनच होत. पुढे मोटारी वाढल्या आणि सायकली मागे पडल्या. २०१६ नंतर भाड्याच्या रंगीत सायकली रस्तोरस्ती दिसू लागल्या. २०१९ साली तर सायकलींसाठी साडेसहा किलोमीटरचा स्वतंत्र रस्ता खुला झाला.

आता थोडे जपून. चीनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याला डाव्या बाजूची सवय, त्यामुळे पहिल्या आठवड्यात चूक होतेच. मोठ्या चौकात डावीकडे वळायचे असेल, तर आधी सरळ पलीकडे जावे, तेथे थांबावे आणि दुसरा दिवा हिरवा झाल्यावर वळावे. लाल दिवा असतानाही मोटारी बहुधा उजवीकडे वळतात, हे विसरू नका. विजेवर चालणाऱ्या दुचाक्या सायकलींच्याच पट्ट्यातून धावतात आणि त्यांचा आवाज होत नाही. माझ्या भावाला अशाच एका दुचाकीने धक्का दिला. त्याचा हात तीन आठवडे गळ्यात होता. खालाला मात्र त्याने हे एक वर्षानंतर सांगितले.

त्याची आवडती फेरी शहराच्या नैर्ऋत्य भागातील न्यूज्ये येथे संपत असे. न्यूज्ये म्हणजे 'बैलांचा रस्ता'. ही हुई मुसलमानांची जुनी वस्ती आहे. येथील मशीद इसवी सन ९९६ मध्ये बांधली, असे परंपरा सांगते. बाहेरून ती चिनी मंदिरासारखीच दिसते. तसेच उतरते छप्पर, तसेच रंगीत खांब. पण दक्षिणेकडे तोंड करून वसलेल्या या शहरात ही मशीद पूर्व-पश्चिम बांधलेली आहे, कारण तेथून किब्ला पश्चिमेकडे येतो. रस्ता मशिदीच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे फाटकातून आत गेल्यावर नमाजगृहाला वळसा घालून पूर्वेच्या दारापर्यंत जावे लागते. फाटकाच्या आतच चंद्र पाहण्यासाठी बांधलेला सहा कोनांचा मनोरा आहे. आजूबाजूच्या खानावळींवर 'छिंगचन', म्हणजे हलाल, अशी अक्षरे दिसतात. ही दोन अक्षरे माझा भाऊ सहाव्या-सातव्या क्रमांकावर शिकला. खरे तर भुकेल्या माणसाने ती आधी शिकायला हवीत!

२०१९ च्या शेवटी तो भारतात परत आला. निघताना त्याने सायकल कार्यालयात नव्याने आलेल्या एका केरळच्या मुलाला दिली. सोबत एक कागद दिला. त्यावर सात अक्षरे मोठी काढलेली होती आणि सातव्याखाली लिहिले होते, 'येथे जेवण मिळेल.'