कनकीला लाखोळीची जोड

गोंदिया जिल्ह्यात अंगणातल्या कोंबडीचं पोट बहुतांशी भातावर भरतं. राइस मिलमधून पॉलिशचा तांदूळ बाजारात जातो. मागे राहते ती कनकी, म्हणजे तुटलेला तांदूळ, आणि कोंडा. कनकीत पिष्ट भरपूर, पण प्रथिनं जेमतेम 8 टक्के. तूस न मिसळलेल्या चांगल्या कोंड्यात 12 टक्क्यांच्या आसपास. अंडी देणाऱ्या कोंबडीला साधारण 16 टक्के लागतात. ही तूट नुसत्या आकड्याची असती, तर दोन मुठी जास्त टाकून भागलं असतं. पण कोंबडी गाईसारखी रवंथ करत नाही. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव निकृष्ट चाऱ्यातूनही चांगली प्रथिनं घडवतात. कोंबडीला मात्र प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, जवळपास तयार स्वरूपातच खाद्यातून मिळावी लागतात. भातात त्यांतलं लायसिन नेमकं कमी. म्हणून कनकीवर वाढलेली कोंबडी पोटभर खाऊनही अंड्याला मागे पडते, आणि दोष मात्र तिच्या गावठी जातीला दिला जातो.

ही तूट भरून काढणारं कडधान्य त्याच बांधीत उगवतं. भात कापणीला यायच्या थोडं आधी, जमीन ओली असतानाच, उभ्या पिकात लाखोळी फेकून पेरतात. हा उतेरा. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. भात निघून गेल्यावर उरलेल्या ओलीवर पीक वाढतं. लाखोळीत 26 टक्क्यांच्या जवळपास प्रथिनं असतात आणि त्यांतलं लायसिनचं प्रमाण कनकीतल्यापेक्षा दीडपटीहून जास्त. धुऱ्यावरच्या तुरीत प्रथिनं थोडी कमी, पण गुण तोच. हिशेब करून पाहावा. कनकी आणि कोंडा समसमान घेऊन 70 किलो, लाखोळी 20 किलो, सोयाबीनची ढेप 10 किलो: या 100 किलोंत साडेसोळा टक्क्यांवर प्रथिनं येतात. लाखोळी वगळली तर तेवढ्याच प्रथिनांसाठी जवळपास 19 किलो ढेप लागते. म्हणजे 20 किलो लाखोळीने 9 किलो ढेप आणि 11 किलो कनकी-कोंडा वाचवला. या दोन्हींची त्या दिवशीची किंमत लाखोळीच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर जोड परवडते. नसेल तर नाही. (चुना किंवा शिंपल्यांचा चुरा, मीठ आणि जीवनसत्त्वं या हिशेबात धरलेली नाहीत, ती वेगळी द्यावी लागतात.)

मग सोयाबीनची ढेपच का नको? ब्रॉयलरच्या मोठ्या शेडसाठी तीच हवी, हे मान्यच. तिथे पहिल्या आठवड्यांत 22 टक्के प्रथिनं लागतात आणि कडधान्यांवर तेवढी गाठणं जड जातं. शिवाय कडधान्यांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं. त्याच्या अभावी पिसं नीट भरत नाहीत, वाढ खुंटते. पण अंगणात फिरणारी कोंबडी किडे-मुंग्या टिपते आणि गावोगावी पिलांपुढे वाळवी टाकतात. हे प्राणिज प्रथिन ती उणीव काही अंशी भरतं. तिळाची ढेप मिळाली तर उत्तमच, तिच्यात मेथिओनिन चांगलं असतं. बंद शेडमध्ये हा आधार नसल्याने मेथिओनिन विकतच घालावं लागेल.

खरा गंभीर आक्षेप लाखोळीच्या विषाचा. महिनोन्‌महिने तिच्यावरच गुजराण करणाऱ्या माणसांचे पाय लुळे पडल्याचा इतिहास आहे. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली ती यामुळेच. कारण आहे ओडॅप नावाचं द्रव्य. रतन, प्रतीक, महातिवरा या सुधारित वाणांत ते बरंच कमी असतं. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की त्यातलाही मोठा भाग निघून जातो. नंतर शिजवल्याने पचनात अडथळा आणणारी इतर द्रव्यंही निकामी होतात. नुसतं भाजून भागत नाही, कारण ओडॅप पाण्यासोबत जातं, कोरड्या आचेने पुरेसं जात नाही. हे एवढं करण्याची तयारी नसेल, तर लाखोळीऐवजी तूर वापरावी.

माणसाच्या ताटातली डाळ कोंबडीला का, हा प्रश्न रास्त आहे, आणि माझं उत्तर स्पष्ट आहे: घालू नये. डाळ मिलमधली चुरी, बारीक राहिलेले आणि किडके दाणे कोंबडीसाठी पुरेसे आहेत. चुरीत टरफल जास्त आलं तर प्रथिनं घटतात, तेव्हा वरचा हिशेब नव्याने मांडावा. बुरशी आलेला दाणा मात्र टाकूनच द्यावा. बुरशीचं विष उकळून जात नाही. आणि लहान पिलांना लाखोळी मुळीच देऊ नये, कारण ओडॅपचा मज्जासंस्थेवरचा परिणाम त्यांच्यात लवकर दिसतो. त्यांच्यासाठी तुरीची शिजवलेली चुरी आणि ढेप.