परिचारिका, नोंदणी आणि वकील

सोलापूर जिल्ह्यातील परिचारिकांसाठी : कोणती चौकशी, कोणाकडे दाद?

• नोंदणी : महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६. नोंदवही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, कार्यालय मुंबईत.

• केंद्रीय कायदा : १९४७च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत.

• फरक : नोंदणीवरील कारवाई महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, नोकरीवरील कारवाई मालकाची. एक दुसरीत मोडत नाही.

• शासकीय नोकरी : महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९. विभागीय चौकशीत सहकारी कर्मचाऱ्याची मदत घेता येते. प्रशासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी वकील नसेल, तर वकील नेमण्यास परवानगी लागते. पुढील दाद : महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण.

• उच्च न्यायालय : १८ ऑगस्ट २०२५पासून सोलापूर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे.

• नर्स अटर्नी : परिचर्या आणि कायदा, दोन्हींची पात्रता असलेली व्यक्ती. ही ओळख अमेरिकेत रुजलेली. भारतात पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही.

• मोफत वकील : विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७नुसार महिलांना उत्पन्नाची अट नाही. सोलापुरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. राष्ट्रीय हेल्पलाइन : १५१००.