खपला की खपवला?

गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता धाकट्या मेहुण्याच्या दुकानावर सहज चहाला गेलो होतो. बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या आसपास, त्याचे मोबाइल फोनचे लहानसे दुकान आहे. लहानसे म्हणजे इतके, की आत दोन गिऱ्हाइके आली तर तिसऱ्याने रस्त्यावर उभे राहूनच भाव विचारावा. चहा येईपर्यंत समोरचे वर्तमानपत्र उघडले. पहिल्याच पानावर पानभर जाहिरात. एका फोनचे चित्र, आणि त्याखाली हापूस आंब्याएवढ्या अक्षरांत मजकूर : अमुक इतके लाख फोन विकले!

आम्हा पुणेकरांना आकड्याचे मोठे कौतुक. मी म्हणालो, "काय रे, केवढा हा खप!"

मेहुणा काही बोलला नाही. उठला, गल्ल्यामागचे कपाट उघडले. आत त्याच फोनची बंद खोकी एकावर एक रचून ठेवलेली.

"मोजा, भाऊजी."

मी मोजली. एकतीस भरली.

"तुमच्या त्या लाखांत ही एकतीस धरलेली आहेत," तो म्हणाला.

"अरे, पण ही तर विकली गेलेली नाहीत!"

"माझ्याकडून नाहीत. कंपनीकडून केव्हाच गेली. बिल झाले, पैसे पोचले, त्यांचा विषय संपला."

मोबाइलच्या बाबतीत मी अडाणी माणूस आहे. फोन वाजला की उचलावा, आणि नाही वाजला तर बरे झाले म्हणावे, एवढेच माझे त्यातले ज्ञान. पण पेशाने मी मराठीचा मास्तर. क्रियापदाचा प्रयोग चुकला की आम्हाला चैन पडत नाही. 'खपणे' आणि 'खपवणे' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माल खपतो तेव्हा गिऱ्हाइकाला तो हवा असतो. खपवला जातो तेव्हा तो कोणाच्या तरी गळ्यात पडतो. कपाटातली एकतीस खोकी खपलेली नव्हती, खपवलेली होती. आणि जाहिरातीने दोन्हींना मिळून एकच शब्द वापरला होता : 'विकले'.

एका फोनचे चार खप

त्या संध्याकाळी मेहुण्याने मला जे शिकवले, ते मी पुढे वाचून ताडून पाहिले. फोनचा खप मोजण्याच्या चार जागा आहेत. पहिली जागा कारखान्याचे दार. माल बाहेर पडून मोठ्या वितरकाकडे गेला की कंपनीच्या वहीत विक्री झाली. दुसरी जागा दुकानाचा गल्ला. तुम्ही-आम्ही पैसे मोजून पिशवीत खोके टाकतो ती. तिसरी जागा फोन पहिल्यांदा सुरू होतो तो क्षण. प्रत्येक फोनला पंधरा अंकी ओळख-क्रमांक असतो, त्याला आयएमईआय म्हणतात. फोन चालू होऊन इंटरनेटला जोडला गेला की 'अमुक क्रमांकाचा फोन जागा झाला' हे कंपनीला घरबसल्या कळू शकते. आणि चौथी जागा म्हणजे आज लोकांच्या हातांत प्रत्यक्ष किती फोन चालू आहेत, ही मोजदाद. यात बापाने मुलाला दिलेला, मुलाने गावाकडच्या काकाला दिलेला जुना फोनही येतो.

चारही आकडे खरे असू शकतात, आणि चारही वेगळे असतात. गंमत अशी, की यांपैकी कोणता सांगायचा हे सांगणाराच ठरवतो!

याचा एक नामांकित किस्सा आहे. सॅमसंग कंपनीने २०१० च्या अखेरीस गॅलॅक्सी टॅब नावाची पाटी बाजारात आणली आणि थोड्याच महिन्यांत वीस लाखांचा आकडा जाहीर केला. जगभर वाहवा झाली. जानेवारी २०११ मध्ये कंपनीच्या अधिकारी गुंतवणूकदारांशी फोनवरून बोलत होत्या, तेव्हा उलगडा झाला की हा आकडा दुकानांना आणि टेलिफोन कंपन्यांना पाठवलेल्या मालाचा होता. मग गिऱ्हाइकांनी किती घेतल्या? बाई काय म्हणाल्या यावरून वाद माजला. वर्तमानपत्रात छापून आले, त्या विक्रीला 'स्मॉल' म्हणाल्या, म्हणजे थोडी. कंपनीने सांगितले, त्या 'स्मूथ' म्हणाल्या, म्हणजे सुरळीत. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले गेले आणि दुरुस्ती छापली गेली. एका उच्चाराने किती गोंधळ होतो हे आम्ही वर्गात घसा फोडून सांगतो. पोरे ऐकत नाहीत. पण गुंतवणूकदार ऐकतात! स्मॉल असो की स्मूथ, वीस लाखांतल्या बऱ्याच पाट्या अजून कोणाच्या तरी कपाटात होत्या, एवढे मात्र नक्की. त्याच वर्षी पुढे सॅमसंगने फोन किती पाठवले हे तिमाही हिशेबात सांगणेच थांबवले.

दोन पहिले नंबर

कंपन्या सांगत नाहीत, तर मग 'पहिला नंबर' कोण ठरवतो? त्यासाठी बाजाराची पाहणी करणाऱ्या संस्था आहेत : आयडीसी, काउंटरपॉइंट, आणि पूर्वी कॅनॅलिस. त्या आयातीच्या नोंदी पाहतात, सुटे भाग पुरवणाऱ्यांना आणि वितरकांना विचारतात, आणि कारखान्यातून किती माल निघाला याचा अदमास बांधतात. जीएफकेसारख्या संस्थेची रीत निराळी. ती निवडक दुकानांतून प्रत्यक्ष गिऱ्हाइकाला गेलेला माल मोजते आणि शितावरून भाताची परीक्षा करते.

आता या दोन रीती समोरासमोर आल्या की काय होते पाहा. जानेवारी २०१८ मध्ये बातमी आली, की आधीच्या तिमाहीत शाओमीने भारतात सॅमसंगला मागे टाकले. काउंटरपॉइंटचा हिशेब २५ टक्के विरुद्ध २३. कॅनॅलिसचा २७ विरुद्ध २५. सॅमसंगने जीएफकेचा दाखला देऊन उत्तर दिले, की नोव्हेंबरअखेरच्या तिमाहीत गिऱ्हाइकांच्या खरेदीत आमचा वाटा नगांत ४० टक्के आणि किमतीत ४५ टक्के आहे. एकाच वर्गात दोन मुलांचा पहिला नंबर!

खोटे कोण बोलत होते? कोणीच नाही. एकजण कारखान्याच्या दाराशी उभा होता, दुसरा दुकानाच्या गल्ल्याशी. तिमाहीचे महिनेही जुळत नव्हते. शिवाय शाओमीची मोठी विक्री इंटरनेटवरून होत असे, आणि जीएफकेची पाहणी मुख्यतः रस्त्यावरच्या दुकानांची. ज्याने त्याने आपल्याला शोभेल तो आरसा निवडला.

ॲपल कंपनीने तर आरसाच भिंतीकडे तोंड करून ठेवला. १ नोव्हेंबर २०१८ रोजी तिने जाहीर केले, की यापुढे तिमाहीत आयफोन किती विकले हे आम्ही सांगणार नाही. फक्त पैसे किती आले ते सांगू. कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी दिलेला दाखला मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना पटेल असा होता : बाजारातून भरून आणलेल्या गाडीत नग किती आहेत हे महत्त्वाचे नाही, त्यांची एकूण किंमत किती हे महत्त्वाचे. मग जानेवारी २०१९ मध्ये याच कंपनीने एक नवा आकडा पुढे केला : ९० कोटी आयफोन लोकांच्या वापरात आहेत. म्हणजे मोजण्याची जागा पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर. आकडा नेहमी चढतच राहिला पाहिजे; एक पायरी खचली की दुसरीवर उभे राहायचे.

आमच्या गावची स्कूटर

हे दुखणे फोनपुरतेच आहे असे नाही. पुणेकराला ते दुचाकीवरून लवकर कळेल.

माझ्या जन्माआधी वडिलांनी बजाजच्या चेतकसाठी नंबर लावला होता. ती दारात आली तेव्हा मी बालवाडीत जाऊ लागलो होतो. त्या काळी आकुर्डीच्या कारखान्यातून जेवढ्या स्कूटरी बाहेर पडत, तेवढ्या विकल्याच जात; प्रत्येकीची वाट पाहणारे घर आधीच ठरलेले असे. टंचाईत सगळे आकडे एकमेकांशी जुळतात. सुबत्ता आली की ते फटकून वागू लागतात.

आज वाहन कारखानदारांची सियाम ही संघटना कारखान्यातून विक्रेत्यांकडे गेलेल्या गाड्या मोजते, आणि विक्रेत्यांची फाडा ही संघटना सरकारच्या 'वाहन' यादीतल्या नोंदणीवरून गिऱ्हाइकाला गेलेल्या गाड्या मोजते. दोन्ही आकडे छापून येतात आणि शहाणा माणूस दोन्ही वाचतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओला इलेक्ट्रिक कंपनीने महिन्याची विक्री २५ हजारांच्या वर सांगितली. 'वाहन'च्या यादीत त्या महिन्याच्या नोंदी जेमतेम साडेआठ हजारांच्या आसपास निघाल्या. नोंदणीचे काम करणाऱ्या संस्थांशी नवे करार चालल्यामुळे नोंदी मागे पडल्या, असा कंपनीने खुलासा केला. पण प्रश्न विचारता आला, तो त्रयस्थाची वही उघडी होती म्हणून.

फोनला आरटीओ नाही. त्याचा खरा जन्मदाखला म्हणजे तो पंधरा अंकी क्रमांक. पण कोणता क्रमांक केव्हा जागा झाला, ही वही ज्याने फोन विकला त्याच्याच कपाटात.

आमच्या पुस्तकांच्या धंद्यातही तेच. माझ्या प्रबंधाचे पुस्तक निघाले, पाचशे प्रतींचे. वर्षभरात प्रकाशकांनी अभिनंदन केले : आवृत्ती संपली! मी पेढे वाटले. पुढे कळले, की शंभरेक प्रती एका विक्रेत्याकडून परत यायच्या होत्या आणि दीडशे माझ्याच पलंगाखाली होत्या. सवलतीत मीच घेतलेल्या! वर्तमानपत्रांनी यावर फार पूर्वी उपाय काढला. जाहिरातदार विचारू लागले, की बाबांनो, छापता किती ते राहू द्या, खपते किती ते सांगा. तेव्हा १९४८ साली आपल्या देशात 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स' स्थापन झाली. परत आलेल्या आणि फुकट वाटलेल्या प्रती वजा करून, हिशेबतपासनिसाच्या सहीने, दर सहा महिन्यांचा खप ती प्रमाणित करते. फोनवाल्यांनी मनावर घेतले तर त्यांनाही हे अशक्य नाही.

खपवून घेणे

असो. पण हे सगळे शब्दांचे आणि आकड्यांचे खेळ नव्हेत, हे त्या कपाटापुढे उभे राहिल्यावर मला कळले. सप्टेंबर संपता संपता, म्हणजे तिमाहीच्या शेवटच्या दिवसांत, वितरकाचा माणूस मेहुण्याकडे आला होता. "चाळीस घ्या, चांगली सवलत देतो, नाही घेतलेत तर पुढचा नवा फोन तुम्हाला सगळ्यांच्या नंतर मिळेल." मेहुण्याने पतपेढीतून उचल घेऊन चाळीस घेतले. नऊ गेले. मग दसऱ्याच्या तोंडावर तोच फोन इंटरनेटवर दोन हजारांनी उतरला. दुकानात येणारा माणूस फोन हातात घेऊन पाहायचा, भाव विचारायचा आणि खिशातल्या फोनवर दुसरा भाव वाचून निघून जायचा. एकतीस गुणिले दोन हजार म्हणजे बासष्ट हजार रुपये, व्याज वेगळे. आणि भाचीची इंजिनिअरिंगची फी दिवाळीनंतर भरायची होती.

"दुकान मोडावे म्हणतोय," तो म्हणाला. आमची ही हे ऐकून दोन दिवस जेवली नाही. माहेरचे दुकान, त्यांच्या वडिलांनी तिथे रेडिओ विकले होते.

वाचकहो, दुकान मोडले नाही. तोटा सोसून त्याने एकेक खोके काढले. फी आम्ही सर्वांनी मिळून भरली. यंदा सप्टेंबरात तोच माणूस तीच भाषा घेऊन आला, तेव्हा मेहुण्याने पाचच घेतले. नवा फोन त्याच्याकडे सर्वांच्या नंतर आला, आणि तरी काही बिघडले नाही. पाडव्याला पूजेसाठी आणलेल्या वहीत त्याने दोन रकाने आखले आहेत : 'आले' आणि 'गेले'. त्या दोन रकान्यांमधले अंतर तो रोज रात्री पाहतो. कोणी कितीही लाखांची बढाई मारली, तरी हे अंतर कोणाच्या कपाटात आहे ते विचारावे, एवढेच मी त्याच्याकडून शिकलो.

शेवटचे एकतिसावे खोके मी आईसाठी घेतले. मेहुणा तोट्याच्या भावाने देत होता. हिने त्याच्या खरेदीची किंमत मोजून त्याच्या हातावर ठेवली. घरी आल्यावर मी ऐटीत *#०६# दाबून आईला आयएमईआय दाखवला. म्हटले, "हा फोन कारखान्यातून विकला गेला, वितरकाकडून विकला गेला, आणि आज दुकानातून विकला गेला. खरा खपला तो आत्ता."

आईने चष्मा वर करून पडद्याकडे पाहिले. दोन सिमांचा फोन. त्यामुळे क्रमांकही दोन.

"एकच घेतलास ना रे?" ती म्हणाली. "मग हे दोन कसले?"