आभासी गावातला धंदा आणि गटाचा पैसा

आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तुमच्याच बैठकांमधून आलेला आहे. मानेवाडा, हुडकेश्वर भागातल्या गटांत गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न आम्हाला तीन-चारदा ऐकू आला. "ताई, माझा भाचा म्हणून राहिला का फोनमधल्या दुनियेत जमीन भेटते. आता स्वस्त आहे, मग भाव वाढते. गटातून चाळीस हजार उचलू का?" बाकीच्या हसल्या. आम्ही मात्र हिशोब मांडला. बारा जणींचा गट, महिन्याची बचत प्रत्येकी शंभर रुपये. म्हणजे चाळीस हजार ही सगळ्यांची मिळून जवळपास पावणेतीन वर्षांची बचत झाली. म्हणून हे नीट समजून घेऊ.

आभासी जग म्हणजे कॉम्प्युटरवर किंवा फोनवर उभारलेलं गाव. तिथे आपली एक बाहुली असते, तिला अवतार म्हणतात. ती हिंडते, दुसऱ्यांच्या बाहुल्यांशी बोलते, कपडे घेते, घर बांधते. कपडे आणि घर चित्रातलं, पण त्यासाठी जाणारा पैसा खरा. मुलं खेळतात ते रोब्लॉक्स याच जातीचं.

या गावांत धंदा होतो का? होतो, आणि त्याचं जुनं उदाहरण एका शिक्षिकेचं आहे. अमेरिकेतल्या लिंडन लॅब नावाच्या कंपनीने २००३ साली 'सेकंड लाइफ' नावाचं जग सुरू केलं. त्यात जर्मनीत राहणारी, मूळची चीनची आयलिन ग्रेफ ही बाई 'आन्शे चंग' या नावाच्या बाहुलीने वावरायची. सुरुवातीला तिने दहा डॉलरसुद्धा घातले नव्हते. नोव्हेंबर २००६ मध्ये तिने जाहीर केलं की तिथली तिची मालमत्ता दहा लाख डॉलरच्या वर गेली आहे. तिने केलं काय? मोठी जागा घ्यायची, तिचे प्लॉट पाडायचे, झाडं-रस्ते-घरं करून ती सजवायची आणि विकायची किंवा भाड्याने द्यायची. नागपूरकरांना लेआउट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको! पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा नुसता जागा घेऊन बसण्याचा धंदा नव्हता. काम वाढलं तेव्हा चीनमधल्या वूहान शहरात माणसं नेमून ती हे काम करून घेत होती. शिवाय त्या वेळी त्या गावात रोज नवी माणसं राहायला येत होती, म्हणून प्लॉटला गिऱ्हाईक होतं.

आता प्लॉट म्हटला की आपला पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. आपल्याकडे आर. एल.साठी नासुप्रच्या चकरा मारून चपला झिजल्या, हे तुमच्यातल्या किती तरी जणींनी भोगलंय. पण तिथे खाली माती तरी असते. आभासी जमीन कंपनीच्या कॉम्प्युटरवर असते आणि कंपनीचे नियम मान्य करूनच आपण आत जातो. सेकंड लाइफमध्येच अमेरिकेतल्या एका वकिलाचं खातं कंपनीने बंद केलं आणि त्याची सगळी जमीन गेली. तो २००६ साली कोर्टात गेला, पुढच्या वर्षी आपसात तडजोड झाली. तो वकील होता, म्हणून भांडू शकला. आपण कुठल्या कोर्टात जाणार?

आणि बचत गटाच्या बाईने तर त्या गावातल्या बँकेची गोष्ट ऐकायलाच हवी. तिथे 'गिंको' नावाची बँक निघाली होती. वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त व्याज देऊ म्हणायची. आपण गटात शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के व्याज घेतो. ते आपल्याला जमतं, कारण कर्ज घेणारी आपल्या समोर बसलेली असते आणि तिने शिलाई मशीन घेतलं की शेळी, हे आपण घरी जाऊन बघतो. गिंकोचा पैसा कुठे फिरतो ते कुणी पाहिलं नव्हतं. २००७ च्या जुलैत कंपनीने त्या जगात जुगार बंद केला. लोक आपले पैसे काढायला धावले आणि ऑगस्टमध्ये बँक बुडाली. ठेवीदारांचे मिळून जवळपास साडेसात लाख डॉलर अडकले. जानेवारी २००८ पासून कंपनीने तिथे अशा बँका चालवायलाच मनाई केली.

मग हा विषय पुन्हा का निघाला? २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये फेसबुकने कंपनीचं नाव 'मेटा' केलं आणि सगळीकडे मेटाव्हर्सची हवा झाली. त्याच नोव्हेंबरात 'डिसेंट्रालँड' नावाच्या जगातली एक जागा चोवीस लाख डॉलरला विकली गेली. भाच्याने ऐकलं असेल ते तेव्हाचं. पुढे तिथल्या जमिनीचे भाव कोसळले. मेटाच्या या कामाच्या विभागाला एकट्या २०२२ साली १,३७० कोटी डॉलरच्या आसपास तोटा झाला. त्यांना तो झेपला, आपल्याला पाच हजारांचाही झेपत नाही. शिवाय भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. एकात तोटा आणि दुसऱ्यात नफा झाला, तरी तोटा वजा करून मिळत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या कायद्याने बंदीच आली आहे.

त्या ताईंना गटाने कर्ज दिलं नाही. त्या दोन बैठका रुसून होत्या, ते चालतंच.

पण म्हणून हे दार बंद करून टाकावं, असं आम्हाला वाटत नाही. आपल्या मुलींना तिथे दुसरं काम आहे, आणि ते शिवणकामाच्या जवळचं आहे. रोब्लॉक्समध्ये बाहुलीचा साधा सदरा करायचा तर एका सपाट चित्रावर पुढचा भाग, पाठ, बाह्या वेगवेगळ्या रंगवाव्या लागतात. आपण कागदावर कटिंग काढतो, अगदी तसंच! ज्या मुलीने आईला ब्लाऊज बेतताना पाहिलंय तिला ते पटकन कळतं. विदर्भाचा करवतकाठी काठ कसा दिसतो, नऊवारीचा कासोटा कुठे येतो, हे परदेशातल्या चित्रकाराला कुठून ठाऊक असणार? पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने २०२४ मध्ये 'इंडस' नावाचा भारतीय धाटणीचा खेळ बाजारात आणला. अशा कंपन्यांना चित्रं काढणारे, रंग भरणारे, आवाज देणारे लोक लागतात. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ साली अॅनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं आहे.

कमाई मात्र हळू होते, हे आधीच सांगतो. रोब्लॉक्सवर विक्रीतून कमावलेले किमान ३०,००० रोबक्स जमल्याशिवाय खरे पैसे काढता येत नाहीत. त्याचे साधारण शंभर डॉलर होतात. प्रत्येक विक्रीतून कंपनी आपला वाटा कापते, वस्तू टाकायलाही फी घेते. एक सदरा विकून घरात किराणा येत नाही.

याच कारणाने आमच्या दुसऱ्या एका गटाने, सदस्याच्या मुलीला जुना कॉम्प्युटर घ्यायला अठरा हजार दिले, तेव्हा हप्ता खेळातल्या कमाईवर धरला नाही. ती मुलगी दुपारी वस्तीत लग्नपत्रिका आणि ऑनलाइन अर्जांचं काम करते, त्यातून हप्ता येतो. रात्री ती चित्रांचं शिकते. इतिवृत्तात तसंच लिहून घेतलंय. तुमच्या गटात असा अर्ज आला तर आधी विचारा, पहिले सहा महिने हप्ता कशातून येणार? आणि 'आधी पैसे भरा, मग आभासी दुकान देतो' असा फोन आला तर ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच असतील तर सकाळची वाट न बघता लगेच १९३० वर फोन लावा.